सामना फ्लेक्सवरच्यांशी

बुलढाणा जिल्ह्याच्या बेसबॉलच्या इतिहासात माझ्या नावाला कायमचं स्थान मिळालं आहे. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. ते स्थान नेमकं कोणतं, हे ओघाने येईलच. मला त्याची घाई नाही.

दिवाळीनंतर आमच्या साडूंचा फोन आला. दिनकरराव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या एका गावात मुख्याध्यापक आहेत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते माझं सगळं लिखाण वाचतात आणि नंतर बोलतात. "भाऊसाहेब, आपल्या पोरींची बेसबॉलची टीम जिल्ह्याला चालली. तुम्ही मार्गदर्शनाला या."

मी त्यांना आठवण करून दिली की मी निवृत्त ग्रंथपाल आहे.

"पण तुम्ही अमेरिकेत राहून आले ना!"

राहून आलो हे खरं. मुलीकडे एक उन्हाळा काढला. जावयाने एकदा बेसबॉलचा सामना पाहायला नेलं होतं. तिथे मी एक मोठं सँडविच खाल्लं आणि सावलीतली जागा असल्यामुळे झोपलो. लोक ओरडले तेव्हा जागा झालो आणि त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवल्या. एवढ्या भांडवलावर पुण्यातही माणसं व्याख्यानं देतात, असा विचार करून मी हो म्हणालो.

जलंबला उतरून मी मुद्दाम खामगावची छोटी गाडी धरली. मुख्य मार्गावरच्या गाड्यांना घाई असते, हिला नसते. ती कपाशीच्या शेतांमधून अशी जाते की वेचणाऱ्या बायका मान वर करून डब्यात कोण बसलंय ते नीट पाहू शकतात. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कोनाच्या लग्नाले?"

"लग्न नाही. बेसबॉलची स्पर्धा आहे."

ते सहानुभूतीने म्हणाले, "चालाचंच. घरी बसून तरी काय करता?"

खामगावात दिनकरराव जीप घेऊन उभे होते. गाडी रफिकभाईंची. ते शाळेच्या सगळ्या सहली आणि स्पर्धा चालवतात आणि स्वतःला संघाचे सदस्य समजतात. निघण्याआधी आम्ही एका छपाईच्या दुकानातून कापडाची भली मोठी गुंडाळी उचलली. मी विचारलं तेव्हा दिनकररावांनी तिचं एक टोक उलगडून दाखवलं. तो अभिनंदनाचा फ्लेक्स होता. 'जिल्हास्तरीय बेसबॉल स्पर्धेत विजेत्या संघाचे हार्दिक अभिनंदन.'

"पण सामना उद्या आहे ना?"

"दोनच शाळांची नोंद हाय, भाऊसाहेब. दुसरी टीम दुसरबीडकडची. जिंकलो तर विजेते, हारलो तर उपविजेते." त्यांनी खिशातून एक चिकटपट्टी काढली. तिच्यावर 'उप' असं सुबक छापलेलं होतं. 'विजेत्या'च्या अलीकडे तेवढी जागा मोकळी सोडलेली होती. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, पण इतकं नेमकं पूर्वनियोजन पाहिलं नव्हतं.

फ्लेक्सवर संस्थेचे अध्यक्ष होते, सचिव होते, सरपंच होत्या, दिनकरराव होते, आणि ज्यांची ओळख मला शेवटपर्यंत पटली नाही असे बरेच गंभीर चेहरे होते. खालून दुसऱ्या रांगेत मीही होतो, मुलीच्या विद्यापीठाची टोपी घातलेला. खाली लिहिलं होतं, 'अमेरिकन बेसबॉलतज्ज्ञ'. संघातल्या मुली सर्वांत खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या.

शाळेचं मैदान म्हणजे तीन बाजूंनी मोकळी जागा आणि चौथ्या बाजूला कुणाची तरी तूर, छातीइतकी उंच, पिवळ्या फुलांवर आलेली. बेस, म्हणजे धावताना गाठायचे थांबे, म्हणून सरकीच्या पोत्यांच्या घड्या ठेवल्या होत्या. क्रीडाशिक्षक वानखडे सरांनी मुलींना रांगेत उभं केलं आणि मला बोलायला सांगितलं. मी एकाग्रतेवर बोललो. एकाग्रता कुठल्याही खेळाला चालते.

कप्तान प्रांजली दहावीतली. तीच पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. काटक बांधा, आणि समोरच्याकडे पाहण्याची पद्धत अशी की आपली बटणं नीट लागली आहेत ना, हे तपासावंसं वाटतं. तिने विचारलं, "सर, तिथचे पिचर फेकतानी पाय किती वर उचलतात?"

"नैसर्गिक वाटेल इतका," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. तिला उत्तर कळलं नव्हतं, पण मी कळलो होतो.

रात्री दिनकररावांच्या अंगणात कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याची भाजी आणि ठेचा होता. वाढायला मदत करायला वानखडे सर आले होते. ते सांगत होते, "तीन वर्षं झाले ही पोरगी फेकून राह्यली, पण मॅचमधे एक बॉल नाही टाकला. पह्यल्या वर्षी समोरची टीम आली नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस. अन् आपली शाळा दहावीपर्यंतच. यंदा नाही तर नाही."

"गावात काही म्हणतात का?"

"कबड्डीचे पोट्टे म्हनतात ना. ते दर साली पह्यल्याच मॅचमधे हारतात. पण इले म्हनतात, आमी खेळून हारलो, तू बसून जितली."

मला ठेच्याने ठसका लागला आणि वानखडे सरांनी पाणी पुढे केलं.

सकाळी राजूर घाट चढून बुलढाण्याला गेलो. घाटात गारवा होता, खाली मोताळ्याकडची शेतं धुक्यात बुडालेली. मुली जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून गात होत्या. फक्त प्रांजली हातात चेंडू फिरवत होती. रफिकभाई आरशातून म्हणाले, "कप्तान, टेन्शन मत लो. आज तो होके रहेगी."

झाली नाही. मैदानावर चुन्याच्या रेघा ताज्या होत्या, पंच पांढऱ्या टोपीत होते, पण दुसरबीडकडची जीप येईना. दीर्घ प्रतीक्षेनंतर फोन आला की त्यांच्या दोन मुलींना ताप आहे आणि नऊ भरत नाहीत. पंचांनी आमच्या संघाला रीतसर ओळीने उभं केलं, समोरच्या रिकाम्या जागेला नमस्कार करायला लावला आणि विजयी घोषित केलं. मी टाळ्या वाजवल्या. या वेळी जागा होतो, एवढाच फरक.

"सर," प्रांजली पंचांना म्हणाली, "आमच्या आमच्यातच दोन टीम करून एक डाव खेळू काय? रेघा तर मारल्याच हायेत."

"बेटा, निकाल लागला. आता फोटो."

फोटो झाला. नंतर जीपचा हॉर्न वाजेपर्यंत ती एकटीच कॅचरला, म्हणजे बॅटच्या मागे बसून झेलणारीला, चेंडू टाकत राहिली. प्रत्येक चेंडू ग्लोव्हजमध्ये आदळला की दाराची कडी लावावी तसा आवाज येत होता.

गावाच्या वेशीवर तयारी जय्यत होती. ट्रॉलीवर डीजे, गुलालाची पोती आणि दोन बांबूंवर चढवलेला आमचा फ्लेक्स. 'उप'ची गरज पडली नव्हती. अध्यक्ष, सचिव, सरपंच, सगळे फेटे बांधून उभे. मलाही फेटा बांधला गेला. तो कानावर आल्यामुळे पुढचं सगळं मला जरा लांबून ऐकू आलं.

कबड्डीची मुलं बाजूच्या ओट्यावर बसली होती. एकाने ओरडून विचारलं, "काय वं प्रांजले, जीपमधेच जितली का खाली उतरली होती?"

ती ट्रॉलीवर चढलीच नाही. सरळ चालत वेशीलगतच्या शाळेच्या मैदानात गेली आणि पिचरच्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिच्यामागे उरलेल्या आठ जणी. आम्ही सगळे फेटे सांभाळत तिच्यामागे.

"प्रांजली, हे काय? लोक थांबले ना!" दिनकरराव म्हणाले.

"मिरवणूक मंग काढा, सर. आधी मॅच."

"कोणासोबत खेळशीन, माय? टीम कुठं हाय?"

तिने हात लांब करून फ्लेक्सकडे दाखवलं. "हे सगळे हायेत ना. नऊ त सहज निघतीन."

मग ओट्यावरून कबड्डीवाल्यांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली आणि मागे फिरण्याचा रस्ता बंद झाला. अध्यक्षांना गुडघा आठवला, सचिवांना रक्तदाब आठवला. दिनकरराव माझ्याकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "तज्ज्ञ पहिले!"

फेटा काढून मला हेल्मेट दिलं गेलं. ते मुलींच्या मापाचं होतं, त्यामुळे ते डोक्यात न बसता डोक्यावर विसावलं. मी बॅट घेऊन उभा राहिलो. पाठीमागे कॅचर किरण बसली होती, सातवीतली, फार मृदू आवाजाची. ती हळूच म्हणाली, "सर, डोये उघडे ठेवा."

पहिला चेंडू मी पाहिला नाही. आवाज आला, त्यावरून तो येऊन गेला असावा असा मी निष्कर्ष काढला. "स्ट्राइक," वानखडे सर म्हणाले. असे तीन झाले की माणूस बाद. दुसऱ्या चेंडूला मी पूर्ण ताकदीने बॅट फिरवली. त्या वेळी किरणने चेंडू परत फेकलेला होता. खांद्यात काहीतरी निसटलं. तिसऱ्याला मी वेगळं धोरण ठरवलं. बॅट हलवायचीच नाही, चेंडू बाहेरून जाईल आणि माझ्या संयमाचं कौतुक होईल. चेंडू मधोमध आला. प्रांजलीचा पाय किती वर गेला होता, हे मात्र मी या वेळी नीट पाहिलं. ती विचारत होती त्याचं उत्तर तिला आधीच ठाऊक होतं.

"आउट!"

"अमेरिका गेली बे!" ओट्यावर जल्लोष झाला.

प्रांजली हसली नाही. ती माझ्यापलीकडे पाहत होती, पुढचं कोण येतंय ते.

पुढे आल्या सरपंच शांताबाई. त्यांनी पदर खोचला, फेटा दिनकररावांच्या हातात दिला आणि बॅट एकदा तोलून पाहिली. "मी विटीदांडू खेयेल हाय," त्या प्रांजलीला म्हणाल्या. "टाक, लाजू नको."

पहिला चेंडू त्यांनी सोडला. दुसऱ्याला असा काही फटका बसला की आमच्या डोक्यांवरून चेंडू गेला आणि दूर तुरीत पडला. शांताबाई साडी सावरत बेसवरून बेसवर निघाल्या. आठ जणी ओरडत तुरीकडे धावल्या. प्रांजली जागेवरच उभी होती आणि पोट धरून हसत होती. दोन दिवसांत मी तिला हसताना प्रथमच पाहिलं. तिचा चेंडू अखेर कुणीतरी खेळलं होतं.

चेंडू मिळाला नाही. शाळेचा तेवढाच चांगला चेंडू, त्यामुळे सामना तिथेच संपला. अंधार पडेपर्यंत दोन्ही संघ, कबड्डीची मुलं, डीजेवाला आणि अध्यक्षांचा गुडघा हे सगळे तुरीत वाकून शोधत होते. ठरलेली मिरवणूक ती एवढीच निघाली. नंतर मैदानातच रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वरण झालं. डाव्या हाताने रोडगा फोडायची युक्ती मला रफिकभाईंनी शिकवली, कारण उजवा वर जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाल, श्रीफळ आणि दुखरा खांदा घेऊन मी परत निघालो. जलंबच्या फलाटावर बसून, खेळाडूंना मोठं करण्याच्या नावाखाली आपण मोठी माणसं किती जागा व्यापतो, यावर काही गंभीर वाक्यं मनात तयार केली होती. गाडी आली तेव्हा एका हाताने बॅग चढवण्याच्या गडबडीत ती वाक्यं विसरलो.

मग एके दिवशी दिनकररावांच्या फोनवरून प्रांजलीचा आवाज आला. विभागाची स्पर्धा झाली होती. या वेळी समोरची टीम आली होती.

"हारलो, सर!" ती इतक्या आनंदाने म्हणाली की मला पुन्हा विचारावं लागलं. "लय हारलो. पूर्ण मॅच झाली."

"आणि कबड्डीवाले?"

"काय म्हनतीन आता? आमी बी खेळून हारलो."

मी विचारलं, "किती जणींना माझ्यासारखं बाद केलंस?"

तिने आवाज जरा मऊ केला. मोठ्या माणसांशी नीट बोलावं, असं शाळेत शिकवलेलं असतं.

"तुमच्यासारखं एकीले बी नाही, सर. त्याइची बॅट बॉलले लागत होती."

म्हणजे प्रांजलीच्या सगळ्या शालेय कारकिर्दीत तीन चेंडूंत, बॅटला एकही न लागता बाद झालेला माणूस एकच आहे. फ्लेक्स अजून शाळेच्या भिंतीवर आहे. खालून दुसरी रांग, टोपीवाला.