भोयर सरांचं फाटक

भोयर सर कुणाच्याही घरी गेले की आधी फाटकाला भेटत, मग माणसांना. यजमान हात जोडून दारात उभे आणि सर बिजागरीपाशी वाकून खिशातल्या किल्लीनं जोड खरवडताहेत, हे आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीनं अनेकदा पाहिलं आहे. एका बारशाला तर त्यांनी बाळाच्या आधी पाळण्याचे पाय तपासले होते.

आयटीआयत ते वेल्डिंग शिकवत आणि मी शेजारच्या शेडमध्ये फिटरची पोरं सांभाळत असे. निवृत्त झालो तेही मागेपुढेच, घरं बांधली तीही शेजारीशेजारी. त्यांचा एक नियम होता. पोरानं केलेला जोड सरांनी पाहिल्याशिवाय त्याला रंग लागायचा नाही. कुणी जोडातली भोकं रंगाऱ्याच्या राखाडी लांबीनं बुजवून वर रंग मारला, की सर शांतपणे हातोडा मागवत. तुकडे झाले की म्हणत, "लोखंड खोटं बोलत नाई गा. आपुनच त्याच्या तोंडाले लांबी फासतो." वाईट जोडावर ते कधी चिडले नाहीत. उलट तसल्या पोराला जवळ बसवून शिकवत.

मंगेश त्यांचा लाडका. कळमेश्वरच्या एमआयडीसीत आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्याच उन्हाळ्यात त्यानं गुरुदक्षिणा म्हणून फाटक आणून बसवलं. काळाभोर चकचकीत रंग, वर सोनेरी भाले. फाटक रंगवूनच आलं होतं. मी तसं म्हणालो, पण सरांनी किल्ली खिशातून काढलीसुद्धा नाही. "मंगेशनं केलं तं तपासाचं काहून?" म्हणाले. मग दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत प्रत्येकाला हाताला धरून फाटकापाशी न्यायचे आणि माह्या पोट्ट्याचं काम हाय म्हणून सांगायचे. आम्हाला ते वर्णन तोंडपाठ झालं होतं.

डोळ्यांचं ऑपरेशन थंडीतच करायचं, हा आमच्याकडचा पक्का समज. दिवाळी उरकली, ट्रंकेतली स्वेटरं बाहेर निघाली, तेव्हा कुठे सर तयार झाले. काळा चष्मा उतरला त्या सकाळी ते माकडटोपी चढवून, सिनेमाला बसावं तसे, अंगणातल्या उन्हात फाटकासमोर खुर्ची टाकून बसले. मी चहाला गेलो तर खुर्ची रिकामी. सर बिजागरीपाशी उकिडवे बसले होते आणि पायाशी राखाडी भुगा पडला होता. बिजागरीला नुसते दोन टाके होते, बाकी सगळी लांबी.

माझं डोकंच फिरलं. मंगेशला आत्ता फोन लावून खडसावतो म्हणून मी मोबाइल काढला. सरांनी माझा हात खाली केला.

"घाईत केलं असतं तं मी हासलो असतो," ते म्हणाले. "त्यानं माहे डोळे पाहून केलं, भाऊ."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मी त्या सकाळी पाहिलं. साऱ्या गल्लीची फाटकं खरवडणारा माणूस एका पोरावर डोळे मिटून विसंबला होता. चहा तसाच निवून गेला.

रविवारी मंगेश फळांची पिशवी घेऊन सरांची तब्येत विचारायला आला. खरवडलेली बिजागरी दिसताच बाहेरच थबकला. ऑर्डरींची गडबड होती, कारागिराकडे काम दिलं होतं, नवीन फाटक करून देतो, असं काहीबाही पुटपुटत राहिला. पोट्ट्या किंवा गधड्या याखेरीज सरांनी त्याला कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सर उठले. स्वतः जाऊन त्यांनी फाटक उघडलं.

"या, मंगेशराव. तुमी कायले तरास घेता?"

मंगेशचा चेहरा पडला. "सर, शिव्या द्या मले," तो म्हणाला.

सरांनी त्याला आपली खुर्ची दिली आणि घरात आवाज दिला, "चहा ठेव वं, पाहुणे आले."