बाबांची शब्दांची भावकी

आम्ही पनवेल सोडलं त्या सकाळी एस.टी. स्टँडवर बाबांचा अर्धा वर्ग हजर होता. बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. सामान टपावर चढलं, आई माझ्या धाकट्या बहिणीला, रेचलला, घेऊन खिडकीशी बसली, मी बसले, तरी बाबा खालीच. मुलांनी त्यांच्याभोवती कडं केलेलं आणि यांचं सुरूच. "एक्सपोर्ट?" "निर्यात!" "इम्पोर्ट?" "आयात!" "पोर्टर?" "हमाल!" स्टँडवरचा खराखुरा हमाल दचकून वळून बघायला लागला. शेवटी कंडक्टर म्हणाला, "सर, उरलेलं तिकडं जाऊन शिकवा, गाडीला उशीर होतोय."

ओवे गावातली पार्वतीबाई मुलाला घेऊन आली होती. मिठागरावर काम करणारी बाई, त्या दिवसाचा खाडा करून आलेली. तिनं बाबांना विचारलं, "मास्तर, आमच्या पोराला आता कोन शिकवनार? आनि तुमी तितं काय करनार? तितं शाला हाय का नाय?"

"शाळा कुठं नसते, बाई?" बाबा म्हणाले. "तिथंही शिकवीनच की. मला दुसरं येतं काय?"

तुम्हा पनवेलकरांपैकी जे तिथंच राहिलात त्यांना बाबांची पद्धत आठवत असेल. जे माझ्यासारखे उठून इकडं इस्राएलात आले त्यांना तर नक्कीच आठवत असेल, कारण निघायच्या आधी त्यांनी तुम्हा सगळ्यांना ओटीवर बसवून घोकून घेतलं होतं. ज्या शब्दांच्या पोटात तीच अक्षरं, ते एका भावकीतले, असं ते म्हणत. पी-ओ-आर-टी दिसलं की समजायचं, इथं काहीतरी वाहून नेलं जातंय. एस-पी-ई-सी-टी दिसलं की कुणीतरी बघतंय. इन्स्पेक्ट म्हणजे तपासून बघणं, सस्पेक्ट म्हणजे संशयानं बघणं, रिस्पेक्ट म्हणजे मान, ज्याच्याकडं वळून बघावंसं वाटतं त्याला दिलेला. बेलपाड्याची, ओव्याची मुलं संध्याकाळी चालत यायची आणि ओटीवर एकसुरात अर्थ म्हणायची. अर्थ मराठीतच यायला हवा, ही बाबांची अट. स्पेलिंग चुकलं तर ते सोडून देत, अर्थ चुकला तर मात्र कान धरत.

आमच्यावर कुणी जा म्हणून दात खाल्ले नव्हते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यान् पिढ्या पनवेलात तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे, एवढाच काय तो वेगळेपणा. स्वातंत्र्यानंतर मंडळी निघायला लागली. आपल्या लोकांचा देश झालाय, नव्या देशाला मास्तर लागतीलच, हे बाबांच्या डोक्यानं घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी एलियाहू नबीच्या नावानं मलिदा केला, पोहे, खोबरं, साखर, वर फळं. शेजारच्या काकू तो खाता खाता रडत होत्या. आईही रडली. बाबा मात्र ट्रंकेत इंग्रजीची पुस्तकं भरत होते.

तिथंच आमची गंमत झाली, म्हणजे आता गंमत म्हणायची. परदेश म्हटला की इंग्रजी, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की दुसरा विचारच शिवला नाही. हिब्रू आम्हाला वाचता यायचं, प्रार्थनेपुरतं, अर्थाशिवाय. ती भाषा बोलून कुणी बटाटे विकत घेत असेल, भांडत असेल, हे ध्यानीमनी नव्हतं. अख्ख्या पनवेलच्या मंडळींनी ओटीवर बसून चुकीच्या भाषेची तयारी केली आणि ती करून घेणारे माझे वडील.

बीरशेबाला पत्र्याची एक खोली मिळाली. बाबा कोट घालून लेबर ऑफिसात गेले आणि आपल्या उत्तम इंग्रजीत बोलले. तिथल्या माणसाला ते कळेना. त्यानं मोडकंतोडकं इंग्रजी येणारा दुसरा माणूस बोलावला, त्यानं सांगितलं, हिब्रू नाही तर शाळा नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबा रस्त्याच्या कामावर. आई रात्री त्यांच्या हातांना ऑलिव्हचं तेल चोळायची आणि खोबरेलाच्या नावानं हळहळायची. ते संध्याकाळी उल्पानला, म्हणजे नव्यानं आलेल्यांच्या हिब्रू वर्गाला, जात. दिवसभर खडी टाकून आलेला पन्नाशीचा माणूस बाकावर बसला की पेंगायचा. माझ्या तोंडी ती भाषा सहा महिन्यांत बसली. रेचल तर झोपेतसुद्धा हिब्रू बोलायची. बाबांना ती आलीच नाही. मला तेव्हा त्यांचा राग यायचा.

मग त्यांनी आपला इंग्रजीचा वर्ग काढला. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दुपारी, आमच्या दारात, गल्लीतल्या आपल्याच मुलांसाठी. शब्बाथला लिहायचं नाही, म्हणून सगळं तोंडी. पहिलं वर्ष काय थाट होता म्हणता! बाबा पुन्हा ताठ चालायला लागले. आई म्हणायची, "यांना आता औषध नको, पोरं द्या."

पुढच्या वर्षीची ती दुपार. बाबांनी विचारलं, "ट्रान्सपोर्ट?" मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मग रेचलनं अर्थ सांगितला, हिब्रूत. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "बरोबर आहे का गं?"

"बरोबर आहे, बाबा."

"सपोर्ट?" पुन्हा हिब्रू, या वेळी सगळ्या मुलांनी एका सुरात. पुन्हा बाबांनी माझ्याकडं पाहिलं, पुन्हा मी मान हलवली. मुलांना अर्थ येत होते हो. मराठी शब्द तेवढे उरले नव्हते. आणखी एक-दोन शब्द बाबांनी विचारले आणि मग म्हणाले, "पुरे आज. खेळा जा." त्या रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "पोरानं दिलेलं उत्तर तपासायला मला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं. हा कसला मास्तर?" आईनं त्यांच्या पानात भात वाढला. पुढच्या शब्बाथला मुलं आली तेव्हा बाबांनी दार लावून घेतलं होतं.

इतकी वर्षं गेली. पत्र्याची खोली जाऊन दोन खोल्यांचं पक्कं घर झालं. मी लग्न करून शेजारच्याच गल्लीत राहते. आणि यंदा रेचल इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. इंग्रजीचीच. कळलं तेव्हा बाबांनी जुना कोट काढून इस्त्री करवून घेतला. पहिल्याच आठवड्यात, कुणाला न सांगता, ते शाळेवर गेले आणि तिच्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभे राहिले. रेचलनं फळ्यावर बाबांचीच भावकी मांडली होती. ती शब्द म्हणायची, चाळीस मुलं एका सुरात हिब्रूत अर्थ म्हणायची. अगदी आपल्या ओटीवरच्यासारखं. तास संपेपर्यंत ते उभे होते.

घरी आले तेव्हा मी आईजवळ भाजी निवडत होते. बाबा खुर्चीत बसले, कोट न काढता.

"पोरगी छान शिकवते," ते म्हणाले. "मला काही कळलं नाही."

तुम्ही पत्रातून विचारता, आता घर कुठलं म्हणायचं, इथलं की तिथलं? मी काय सांगू? जिथं बाबांना सगळं कळत होतं, ते माझं घर. ते इथं कधी झालंच नाही, आणि बाबाच निघून आले, तेव्हा आता पनवेललाही नाही.