रुळाखालच्या पट्ट्या

निवृत्तीनंतर कितीतरी प्रकरणे विसरलो, पण वर्धा जिल्ह्यातली ती एक घटना अजून डोक्यातून जात नाही. मी तेव्हा लोहमार्ग पोलिसांत होतो.

एका लहान स्टेशनापुढे गाडीला जोरदार हादरा बसल्याचे चालकाने कळवले. रेल्वेच्या अभियंत्याने जाऊन पाहिले, तर खचलेल्या जागी रूळ समतल राहावा म्हणून खालचा आडवा स्लीपर आणि रूळ यांच्यामध्ये सारलेल्या पातळ लोखंडी पट्ट्या गायब. त्यांना शिम म्हणतात. घातपाताच्या संशयाने गुन्हा दाखल झाला.

त्याच दुपारी रुळाची शेजारची हद्द सांभाळणाऱ्या कामगार टोळीचा मुकादम ठाण्यात आला. दार लोटून घेत म्हणाला, "साहेब, मायं नाव येऊ देऊ नका. पण त्या कीमनवर नजर ठेवा. हातोडी घेऊन एकटाच फिरून राह्यला."

कीमन म्हणजे रोज चालत रूळ तपासणारा कामगार. एरवी खबरेइतकाच मी खबर देणाराही तपासतो, पण इथे गाड्या धावत होत्या, थांबायला वेळ नव्हता. कीमनला क्वार्टरमधून उचलले. आरोप सिद्ध झाला असता तर नोकरी, क्वार्टर सगळे जाऊन तुरुंगच होता.

"पट्ट्या तूच काढल्यास ना?"

"मी काऊन काढू साहेब? मायाच हातानं ठोकल्या होत्या. कडाले पिवळा रंगही मीच लावला, दुरून दिसाव्या म्हून."

तो डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. सराईत गुन्हेगारही तसेच बोलतात, त्यामुळे माझा संशय वाढलाच. मध्येच त्याने विचारले, "तिथून गाड्या हळू सोडून राह्यले ना?" ही काळजी होती, की आमच्याकडून माहिती काढणे?

भंगारवाले पालथे घातले. काही मिळाले नाही. मग जागेची पुन्हा पाहणी केली. पट्ट्या काढून रूळ धरून ठेवणाऱ्या वरच्या क्लिपा नीट ठोकून बसवल्या होत्या. भंगारचोर एवढी तसदी घेत नाही, तो आधी क्लिपाच पळवतो. म्हणजे हात रुळावरच्याच माणसाचा. कीमनभोवतीचा फास आणखी आवळला. पण तो पट्ट्या नेऊन करणार काय? पट्टीचा उपयोग रुळाखालीच. ज्याचा रूळ खचलाय, त्यालाच ती हवी! आणि कीमनकडे बोट दाखवणारा शेजारच्याच रुळाचा मुकादम होता.

अभियंत्याला घेऊन थेट मुकादमाच्या हद्दीत गेलो. क्लिपा काढून रूळ उचलायला लावला. खाली पट्ट्या होत्या. बाहेरची कड खरवडून साफ केलेली, आतली मात्र पिवळीधमक.

"आमच्याच हायेत," मुकादम आधी म्हणाला. मग खडीवरच बसला. "साहेबाची ट्रॉली येनार होती तपासनीले. आमच्या पट्ट्या संपल्या होत्या. टिकाव, जॅक आमी एकमेकाचे नेतोच, तसंच नेलं. ट्रॉली गेली का परत ठेवनार होतो."

तपासणी लांबली, इकडे गाडीला हादरा बसला, आणि घाबरून त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले. चोराच्या उलट्या बोंबा! "डब्यात माणसं बसतात रे, पोती नाही," मी ओरडलो. इतका संताप मला खुन्याचाही आला नव्हता.

ठाण्यात येऊन कीमनला म्हणालो, "जा घरी." तो बाकावरून उठेना.

"साहेब, तुमच्या जीपनं मले नेलं, ते क्वार्टरच्या साऱ्या लायनीनं पाह्यलं. आता पायी गेलो तं लोक म्हनतीन, कसाबसा सुटला. जीपनंच नेऊन द्या. अन् तुमी सोता चाला."

संशय घेणे हे पोलिसाचे कामच. त्याची मला लाज नाही, आज मी दूधवाल्यावरही संशय घेतो. पण चारचौघांत घेतलेला संशय चारचौघांतच मागे घ्यायचा असतो, हे मला त्या माणसाने शिकवले.

मी टोपी घातली आणि त्याला पुढच्या सीटवर बसवले. क्वार्टरपाशी उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "या माणसाचा काही दोष नाही."

त्याच्या बायकोने आत जाऊन खुर्ची आणली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. सगळी लाइन पाहत होती. मी बसलो आणि चहा येईपर्यंत उठलो नाही.