तात्यांचे हात आणि काळी स्क्रीन

रविवार, सकाळी साडेदहा. जागा: कळंबजवळच्या वाडीचं समाजमंदिर. हजर: वाडीची हिरीबाई, तिची सून, लोधिवलीचे तात्या आणि दाव्याच्या कागदांसाठी येणारी मी. वहीत एवढंच आहे. तात्यांची नखं वहीत नाहीत, पण डोळ्यांसमोरून जात नाहीत. पिवळी, कडेला तंबाखूचा चुरा. त्याच बोटांनी ते कीबोर्ड बडवायचे. स्पेसबारवर चुन्याचा थर. मला किळस यायची.

तात्यांनी खोपोलीच्या कारखान्यात वायरमन म्हणून जन्म काढला आणि निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटर आपला आपणच शिकले. वाडीला कुणीतरी दिलेला जुना लॅपटॉप विंडोजखाली धापा टाकत होता. त्यांनी त्याजागी हलकं, फुकटचं लिनक्स घालून तो चालता केला. वाडीच्या वनहक्क दाव्याचे नकाशे त्यावरच होते. सोमवारी ते छापून कचेरीत द्यायचे होते, आणि शनिवारच्या अपडेटपासून स्क्रीन काळी. कंपनीचं चिन्ह दिसायचं, मग मिट्ट अंधार. दुसरी प्रत काढलेली नव्हती.

तात्यांना घाई ठाऊक नव्हती. "आदी बगायचं, मग हात लावायचा." मोबाइलचा टॉर्च तिरका धरून ते स्क्रीनवर वाकले. "मागचा दिवा मेला असता तर चित्र अंधुक तरी दिसलं असतं. कायच नाय. म्हंजी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडलाय. मशीन जित्ती हाय, बाई."

"माझी सासू बी अशीच होती रं तात्या," हिरीबाई म्हणाली. "समदं ऐकायची, पन बोलायची नाय."

तात्या खदखदून हसले आणि तळहातावरच्या तंबाखूवर थाप मारली. चुरा माझ्या उघड्या वहीवर उडाला.

"हात धुऊन या आधी! घाणेरडे कुठले!" मी ओरडले. सत्तरीच्या माणसावर, सगळ्यांसमोर.

तात्या उठले. बाहेरच्या नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, परत येऊन बसले. मशीन सुरू होता होता त्यांनी एक कळ दाबली आणि उघडलेल्या ओळीच्या शेवटी बिघडलेला ड्रायव्हर बाजूला ठेवणारा एकच शब्द जोडला. स्क्रीन उजळली. चित्र भरड, पण वाडीची हद्द, ओढा, देवराई सगळं जागच्या जागी. "आये, आपला वढा!" सून ओरडली.

तो शब्द त्यांनी माझ्या वहीत लिहून दिला, पानाला बोट लागू न देता. "चालू करताना दर येळी हा लिवायचा. कायमचं करायला दिस जातो. ते मागनं बगू." चहा न घेताच गेले.

नकाशे वेळेत पोचले. तात्या पुन्हा आले नाहीत. "तूच हाकललंस त्याला," हिरीबाई म्हणते, "आनायला बी तूच जा गं."

आता किळस येते ती माझी. लॅपटॉप अजून तो शब्द हाताने लिहिल्याशिवाय उजळत नाही. वहीत काम नोंदलेलं आहे: लोधिवलीला जाणे, तात्यांची माफी मागणे. दर रविवारी मी ते पुढच्या पानावर उतरवून घेते.