ठकीआजीचा न फिटलेला दिवस

आमच्या तलासरी तालुक्यातल्या पाड्यावर ठकीआजीइतकी हट्टी बाई दुसरी नाही. मी इथली आशा कार्यकर्ती, योगिता. मीही काही कमी तापट नाही, त्यामुळे आमचं भांडण रोजचं ठरलेलं. पण आज तिच्याबद्दल चांगलंच सांगणार आहे.

आजीनं जन्मात कुणाचं फुकट घेतलं नाही. आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, एकमेकांच्या हातांनी होते. आज तू माझ्या शेतात वाकलीस, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. आणि ज्याचा दिवस आपण फेडला नाही त्याला पुन्हा हाक मारायची नाही, हा आजीचा कायदा. एकदा अंगात ताप असताना ती शेजारणीचा दिवस फेडायला चिखलात उभी राहिली. मी ओरडले, तर मलाच म्हणते, "तुझ्या गोळीनं दिवस फिटतो काय गं?"

२०१५ साली तिची सून शुक्री पहिल्या बाळंतपणात रक्तानं भिजली. मी १०८ला फोन केला, गाडी आली, शुक्री आणि मुलगा दोघंही वाचले. आजीनं ड्रायव्हरला, मनिषला, विचारलं, "तुझं शेत कुठं हाय?"

"शेत नाही आजी, भाड्याच्या खोलीत राहतो."

झालं! ज्याला शेतच नाही त्याचा दिवस फेडायचा कुठं? चार दिवसांनी ही बाई सरकारी दवाखान्यात जाऊन अंगण झाडायला लागली. तिथल्या झाडूवालीनं झाडू हिसकावून घेतला. "माझी नोकरी खातेस काय?" आजी तोंड पाडून परत आली. मी पोट धरून हसले, त्याची आता लाज वाटते.

यंदा, २०१८च्या जूनमध्ये, शुक्री पुन्हा अडली. सकाळपासून कळा येत होत्या, आणि सुईणीला डोक्याऐवजी बाळाचा पाय दिसला. नवरा लक्ष्या वापीला कामावर. मी मोबाइल काढला, तर आजीनं माझं मनगटच धरलं.

"पहिलाच दिवस फिटला नाय. दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं बोलावू?"

"आजी, पोरगी मरेल!"

मरेल म्हटल्यावर ती रडायला लागली, पण हात सोडीना. गाडी रस्त्यापर्यंतच येते, तिथवर झोळीतून न्यायचं. आणि आजीच्या शब्दाशिवाय झोळी उचलायला एक गडी पुढे येईना. असा राग आला! तेवढ्यात तिच्या दुसऱ्या हातातली विडी दिसली.

"ही विडी फुकट मिळते? बंडल घेतेस त्यात सरकारचा कर असतो. साबणात असतो. सगळ्यांचा तो कर जमतो आणि त्यातून ही गाडी चालते. किती वर्षं ओढतेस?"

"लग्नाच्या आधीपासनं."

"मग तेवढी वर्षं तू दिवस देतेच आहेस. आधीच दिलास."

"आधीच?" तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग मनगट सोडलं आणि गड्यांवरच खेकसली, "बघता काय, उचला तिला!"

दुपारी डहाणूच्या दवाखान्यात मुलगी झाली. नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, आई बरी आहे, पोरगीही बरी. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. आजी मात्र पायरीवर बसून विचार करत होती.

"योगे, माझ्या विडीनं एवढी गाडी चालंल? डॉक्टर, औषध, रक्ताची बाटली?"

पकडलं होतं तिनं मला. "नाही गं. तुझे त्यात थोडे पैसे. बाकीचे दुसऱ्यांनी दिले, ज्यांच्याकडं जास्त आहे त्यांनी. मुंबईचे, पुण्याचे, कुठकुठचे."

"त्यांना शुक्री माहीत हाय?"

"नाही."

"ओळख ना पाळख, आणि माझ्या सुनेसाठी दिलं?" एवढ्या लोकांचे दिवस आजी कुठल्या शेतात फेडणार होती? मला वाटलं, आता परत झाडू शोधायला जाते. पण तिनं डोळे पुसले.

"मग त्यांना कोनीतरी सांगाया पायजे ना, पोर जगली म्हणून. त्यांना कसं कळंल?"

ते काम मी माझ्याकडे घेतलं. म्हणून आज लिहितेय. दादा, ताई, तुम्ही कर भरताना कुरकुर केली असेल, मीही करते. पण आजीचा निरोप आहे: पोर जगली. अडीच किलोची आहे, आणि रडते तेव्हा सगळा पाडा जागा होतो.