जीपमधली तालीम

आमच्या तळेगावच्या कॉलेजात गुणवंत मंडळ होतं, ते आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम चालवायच्या. विषयात पहिलं-दुसरं आलं की मॅडम मंडळात घ्यायच्या आणि लगेच बजावायच्या, "आता शनिवारची सुट्टी विसरायची." दर शनिवारी दुपारी आम्ही प्रयोगशाळेमागच्या खोलीत जमायचो. कुणाला काय जमलं ते सांगायचं आणि कुणाचं काय अडलंय ते सगळ्यांनी मिळून सोडवायचं.

मंडळातली माझी जिवलग मैत्रीण पवनानगरच्या वरच्या वाडीतली. आईवडील मजुरीला जायचे. वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. शेवटच्या वर्षी तिने आसपासच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी तपासलं होतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी आम्ही दोघींनी अर्ज केला आणि दोघींनाही मुलाखतीचं बोलावणं आलं. तिला धास्ती होती ती फक्त इंग्रजीची.

"हे मंडळाचं काम," मॅडम म्हणाल्या. मग रोज कुणीतरी तिच्यासोबत घरापर्यंत जायचं आणि वाटेत सराव घ्यायचा, असं ठरलं.

माझ्या पाळीला आम्ही कामशेतहून पवनानगरच्या जीपमध्ये बसलो. मी प्रश्न विचारत होते, ती इंग्रजीत अडखळत होती. शेजारी बाजाराची पिशवी घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "काय बोलताय गं पोरीनो? आमाला बी सांगा की."

मैत्रीण हसली. "मावशी, तुमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजती का?"

"न्हाई बाई, लय येळ लागतो."

"त्या पाण्यात खडकातले क्षार असत्यात. ते डाळीला धरून ठेवत्यात, म्हणून ती मऊ होत न्हाई."

"मग गाळून घेतलं तर?"

"मिठाचं पाणी गाळलं तर खारटपणा जातो का? तसंच हे."

"म्हणून गाडी धुताना साबणाला फेस येत न्हाई व्हय," ड्रायव्हरभाऊ पुढून म्हणाले. मग पवनानगर येईपर्यंत सगळी जीप तिला प्रश्न विचारत होती आणि ती न अडखळता उत्तरं देत होती.

मुलाखतीत माझा नंबर आधी लागला. सगळी उत्तरं छान देऊन मी खुशीत बाहेर आले. ती आत गेली, ती बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"मधेच अडकले," ती म्हणाली. "मग विचारलं, मराठीत सांगू का? एक सर हो म्हणाले. मग जीपमध्ये सांगितलं तसंच सांगितलं, डाळीपासून."

तिची निवड झाली, माझी नाही. शनिवारी मंडळाने भेळ आणली. सगळे तिचं कौतुक करत होते, मीही करत होते, पण माझा द्रोण तसाच भरलेला होता. ती माझ्या शेजारी येऊन बसली. आपल्या भेळेतली कैरी वेचून माझ्या द्रोणात टाकत राहिली. मग मला रडूच आलं, आणि रडल्यावर बरं वाटलं.

आता ती संशोधन करते आणि मी परंदवडीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझं त्यात मन रमतं. यंदा तिचा पहिला शोधनिबंध छापून आला, तेव्हा तिच्या आईने मला फोन केला. "पोरीचं काय तरी छापून आलंय म्हनं. समद्या जणी जेवायला या. तुमच्या मॅडमला बी आणा."

रविवारी आम्ही वाडीत गेलो. तिच्या वडिलांनी पहाटेच धरणावरून मासे आणले होते. मॅडम ओसरीवर मांडी घालून आमच्याबरोबर जेवल्या आणि दोनदा रस्सा मागून घेतला.