मावशीची खिडकी

कल्पना करा, अख्खं शहर तुम्हाला ब्राउझरमध्ये उभं करायचंय, तेही पालिकेच्या रडतखडत चालणाऱ्या संगणकावर. पालिकेच्या नकाशावालीने ते केलं. चित्र अडकू नये म्हणून लांबच्या घरांचे दारं-खिडक्यांसारखे बारकावे तिने काढून टाकले. जवळ गेलं की ते उमटत.

नव्या टॉवरच्या परवानगीच्या सुनावणीत तिची मावशी पडद्यावरच्या या शहराकडे बघून उखडली. "अगं, माझी खिडकी कुठंय? टॉवरमुळे ऊन तिचंच जाणार ना?"

"जवळ जाते, थांब," नकाशावाली चित्र मोठं करत म्हणाली.

पडद्यावर लोडिंगचं चक्र गरगरत राहिलं. घर कोरा ठोकळाच.

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "खिडकीच नाही, मग ऊन कसलं अडणार? मंजूर!"

नकाशावालीने कपाळावर हात मारला. मावशीचं घर दोन गल्ल्यांवर होतं. मग उठून खरी खिडकी बघायला कुणाचे पाय दुखत होते?